एकवीसाचे अकरा कसे झाले?

पत्र लिहिणारे वाचक चौतीस वर्षांचे आहेत. एका सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नऊ वर्षं केमिस्ट आहेत. वडील त्याच कारखान्याचे सभासद, साडेतीन एकरांतला ऊस दरवर्षी तिथेच जातो. गावात पारावर बसा नाहीतर लग्नाच्या पंगतीत, यांना एकच प्रश्न विचारला जातो, "आपल्या उसाला एवढाच उतारा कसा? साखर जाते कुठं?" उतारा म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली ते. गेल्या वर्षीच्या गटसभेत त्यांना समजावून सांगायला उभं केलं. त्यांनी पोल (साखरेचं प्रमाण), ब्रिक्स (रसात विरघळलेल्या सगळ्याचं प्रमाण), प्युरिटी (त्यातली साखर किती), घट असे सगळे तक्ते पडद्यावर दाखवले. पाचव्या मिनिटाला मागून आवाज आला, "बाळा, पगार कोण देतंय तुला?" सभा हसली. नंतर साहेबांनी सुनावलं, जरा सोपं बोलायला शिका. म्हणून पुढच्या गावात त्यांनी सोपं सांगितलं, "थोडी मळीत जाते, थोडी चिपाडात, थोडी हवेत जाते." आता गावात 'हवेत जाते' हा टोमणा झाला आहे. आणि दिवाळीत वडिलांनी कुणाकडून तरी ब्रिक्स मीटर आणलं, फडातल्या उसाचा रस त्यावर टाकला आणि म्हणाले, "हे एकवीस दाखवतंय. तुमच्या कारखान्याचा फळा अकरा दाखवतो. मधले दहा कुणाच्या घरात गेले?" मुलगा ताटावरून उठला. त्यांचा प्रश्न असा: लोकांचं गणितच कच्चं असेल तर समजावत बसण्यात अर्थ आहे का? की आपलं काम करावं आणि गावात गप्प राहावं?

नमस्कार,

तुमचं पत्र वाचताना मी तुमच्या वडिलांच्या प्रश्नापाशी थांबले आणि बराच वेळ तिथेच राहिले. या माणसाने मोजायचं यंत्र आणलं, स्वतः मोजमाप घेतलं, तुमच्या फळ्यावरच्या आकड्याशी ताडून पाहिलं, वजाबाकी केली आणि बाकीचा जाब विचारला. यात कच्चं काय आहे? तुमच्या प्रयोगशाळेत तुम्ही दिवसभर हेच करता. त्यांची वजाबाकी बरोबर आहे. चूक एवढीच की ज्या दोन आकड्यांची वजाबाकी केली ते एकाच वस्तूचे नाहीत. एकवीस हे रसाचे टक्के आहेत आणि अकरा हे उसाचे. टक्के कशाचे, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. तुमच्या पत्रातही या दोन आकड्यांचा सांधा कुठे जोडलेला नाही. त्या रात्री तुम्ही ताटावरून उठला नसतात तर कदाचित तिथेच जोडला असता.

आपण तो इथे जोडून पाहू. आकडे मी साधारण धरते, तुमच्या कारखान्याचे तुम्ही घाला. एक टन ऊस घ्या, हजार किलो. त्यात दीडशे किलो नुसता धागा, कितीही दाबला तरी त्याचा रस होत नाही. राहिला साडेआठशे किलो रस. वडिलांनी मोजला तो बहुधा मधल्या कांड्यांचा. शेंड्याकडचा पाणचट रस त्यात मिसळला की साऱ्या उसाचा मिळून ब्रिक्स एकवीस राहत नाही, समजा अठरा येतो. साडेआठशेचे अठरा टक्के म्हणजे १५३ किलो. पण ब्रिक्स म्हणजे साखर नव्हे. रसात जे जे विरघळलेलं आहे ते सगळं त्यात आलं, क्षार आले, ग्लुकोजसारख्या दाणा न धरणाऱ्या शर्करा आल्या. त्यातली खरी साखर शंभरात सत्त्याऐंशी धरली तर १३३ किलो. शेतकऱ्याने कारखान्याच्या दारात आणली ती एवढी. आता आतला हिशेब. चिपाडाबरोबर साडेपाच किलो गेली. मोलॅसिसमध्ये, म्हणजे साखरेचे दाणे काढून घेतल्यावर उरणाऱ्या दाट काळ्या पाकात, बारा किलो अडकली. रस निवळताना जो गाळ निघतो त्यात पाऊण किलो. आणि एखादा किलो असा की तो नेमका कुठे गेला हे दाखवता येत नाही. पोत्यात पडली ती ११४ किलो. हाच तुमच्या फळ्यावरचा ११.४.

यात पोल हा शब्द एकदाही आला नाही, आणि तरी काही गाळलेलं नाही. तुमच्या साहेबांनी सांगितलेलं 'सोपं' आणि हे, यातला फरक तुम्ही नीट पाहावा असं मला वाटतं. 'थोडी मळीत, थोडी हवेत' या वाक्यात आकडा उरलाच नव्हता. ज्याच्या घामाचा ऊस आहे त्याला 'थोडी' हे उत्तर चालत नाही. तुम्ही सोपं करताना शब्द कमी करायला हवे होते, तुम्ही आकडे कमी केलेत. खरं तर शेतकऱ्याला आकड्यांचा कंटाळा नसतो. काट्याची पावती तो वर्षभर जपून ठेवतो. त्याला परके वाटतात ते टक्के. म्हणून टक्के बाजूला ठेवा आणि टनाला किती किलो ते बोला. ११.४ टक्के म्हणण्यापेक्षा टनाला ११४ किलो म्हणा. ०.१ टक्का म्हटलं की किरकोळ वाटतं, टनाला एक किलो म्हटलं की माणूस सावरून बसतो.

आणि त्याने सावरून बसावं असंच ते आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने एफआरपी, म्हणजे उसाला द्यायचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये ठरवली आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. वडिलांचा ऊस एकरी चाळीस टन धरला तर १४० टन. एका दशांशाचे ४,८४४ रुपये झाले. पाच लाख टन गाळणाऱ्या कारखान्यात त्याच दशांशाचे १ कोटी ७३ लाख होतात. तुमच्या नोंदवहीत तो दशांश-चिन्हानंतरचा एक अंक आहे, समोर बसलेल्यांसाठी मुलाच्या कॉलेजची फी आहे. तुम्ही तो अंक ज्या सहजपणे उच्चारता त्यानेही माणसं दुखावत असतील, याचा विचार करा.

शब्दांचंही एकदा बघायला हवं. तुमच्या तोंडी 'उतारा' म्हणजे साखरेचा उतारा. शेतकऱ्याच्या तोंडी उतारा म्हणजे एकरी किती टन निघालं ते, आणि तलाठ्याकडे गेला तर सातबारा. 'यंदा उतारा कमी' असं तुम्ही म्हणालात की ज्याने एकरी साठ टन काढले त्याला ते स्वतःच्या शेतीवरचं बोट वाटतं. 'मळी'चं तर याहून अवघड आहे. कारखान्यात, वर्तमानपत्रात मळीपासून इथेनॉल होतं, तिथे मळी म्हणजे मोलॅसिस. शेतकरी ट्रॉली भरून रानात विसकटतो ती मळी म्हणजे तुमचा प्रेसमड, तो गाळ. "साखर मळीत जाते" हे ऐकून त्याच्या डोळ्यासमोर खताचा ढीग आला असेल. त्या ढिगात कुठे आली साखर, असं त्याला वाटलं तर त्यात त्याचं काय चुकलं? जुन्या माणसांपुढे गुऱ्हाळापासून सुरुवात करा. काहिलीतला रस आटवून गूळ होतो तेव्हा मोलॅसिस वेगळं काढत नाहीत, ते गुळातच राहतं. कारखाना दाणेदार पांढरी साखर काढतो म्हणून ते वेगळं पडतं आणि जाताना थोडी साखर घेऊन जातं. ज्याने काहिलीवर रात्र काढली आहे त्याला हे एका वाक्यात पटेल.

आता त्या 'हवेत'विषयी. मला वाटतं तुम्ही तो शब्द अनिश्चित घटीसाठी वापरलात, जिचा हिशेब लागत नाही त्या एका किलोसाठी. या किलोबद्दल एक गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे आणि सभेतल्या कुणालाही ठाऊक नाही. तो आकडा मोजून आलेला नसतो. उसातली साखर, पोत्यातली साखर आणि मोजता आलेली घट यांची वजाबाकी करून जे उरतं ते त्या रकान्यात लिहितात. त्यात पाइपातून गळलेला रस येतो, वाफेबरोबर उडालेले थेंब येतात, ऊस शिळा झाल्यामुळे किंवा रस तापत राहिल्यामुळे मोडलेली साखर येते, आणि तुमच्या वजनाच्या, नमुन्याच्या चुकाही येतात. हे लोकांना असंच सांगा. पाच लाख टन गाळपात टनाला एक किलो म्हणजे पन्नास किलोची दहा हजार पोती होतात, हेही तुम्हीच सांगा, त्यांनी शोधून काढायची वाट पाहू नका. आणि पुढे म्हणा की या रकान्यावर लक्ष ठेवा. हा एक किलोचा दोन-अडीच किलो झाला तर मला उभं करून विचारा. संशय घ्यायची नेमकी जागा ज्याने स्वतःहून दाखवली, त्याच्याकडे माणसं वेगळ्या नजरेने बघतात.

यावरून 'पगार कोण देतंय' या प्रश्नाकडे येते. तुम्हाला तो अपमान वाटला. मला तो हिशेबतपासनीसाचा प्रश्न वाटतो. जो आकडा पैसे ठरवतो तो कुणी काढला आणि त्या माणसाचं त्यात काय गुंतलेलं आहे, हे विचारलंच पाहिजे. त्याला एक सरळ उत्तर आहे: "पगार कारखाना देतो. म्हणून माझ्या शब्दावर जाऊ नका, हा कागद बघा, हिशेब तुम्ही करा."

वीस-बावीस वर्षांपूर्वी मी एका बँकेच्या खेड्यातल्या शाखेत होते. बचत गटाच्या बायकांना कर्जाचं घटत्या शिलकीवरचं व्याज समजावून द्यायचं काम माझ्याकडे होतं. फळ्यावर दोनदा मांडलं. सगळ्यांनी माना हलवल्या. मग एकीने विचारलं, "आमी दोन तारखेला भरलेलं पैसं तुमच्या वहीत पंधरा तारखेला का येतंय?" तिने प्रत्येक हप्त्याला चुलीमागच्या भिंतीवर रेघ ओढली होती. मी शाखेत जाऊन पाहिलं. गावोगाव जमा झालेले हप्ते पंधरवड्यातून एकदा चढवले जात होते आणि मधल्या तेरा दिवसांचं व्याज या बायका भरत होत्या. माझं समजावणं अगदी बरोबर होतं आणि त्यांचा संशयही बरोबर होता. ते व्याज परत मिळवायला मला चार महिने लागले. त्यानंतर कुणी आकड्यावर शंका घेतली की ती आधी तपासायची आणि मग समजवायचं, असा क्रम मी लावून घेतला.

म्हणून तुम्हाला एक अवघड प्रश्न विचारते, त्याचं उत्तर मला कळवू नका. या नऊ वर्षांत एखादा आकडा लिहिताना तुमचा स्वतःचा हात कधी अडखळला आहे का? नसेल, तर तुमच्याइतका भक्कम माणूस त्या सभेत दुसरा नाही. अडखळला असेल, तर तो आकडा घेऊन लोकांपुढे उभे राहू नका. आधी चीफ केमिस्टना विचारा, लेखी विचारा. समाधान होईपर्यंत सभेत फक्त तेवढंच बोला जे तुम्ही स्वतः मोजलं आहे. गावाने तुमच्यावर ठेवलेला विश्वास ही तुमच्या घराण्याची ठेव आहे, ती कारखान्याच्या कामासाठी उसनी देऊ नका.

आणखी एक गफलत मला तुमच्या पत्रात दिसते. उतारा कमी का, या प्रश्नात लोक पाच-सहा प्रश्न भरतात आणि तुम्ही सगळ्यांना एकट्याने उत्तर द्यायला जाता. काटा मारतात का, हा त्यातला एक. तो वजनकाट्याचा प्रश्न आहे, त्याची तपासणी वैधमापन विभागाची. तोडणी-वाहतूक इतकी का कापली, हा शेती विभागाचा आणि संचालक मंडळाचा. कोणत्या हंगामाचा उतारा धरून पैसे द्यायचे, यावर आपल्याकडे वाद कोर्टापर्यंत गेला आहे. बरेचदा या सगळ्याखाली एकच साधा प्रश्न असतो, पहिली उचल कधी मिळणार? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. ज्याचे पैसे दोन महिने अडकले आहेत त्याला पोल आणि प्युरिटी ऐकवणं क्रूर आहे. अशा वेळी मोकळेपणाने म्हणा, "हा माझ्या प्रयोगशाळेतला प्रश्न नाही, याचं उत्तर चेअरमनसाहेब देतील," आणि बाजूला व्हा. तुमच्या व्यासपीठावरच्या मंडळींना हे आवडणार नाही कदाचित. पण कारखान्याच्या प्रत्येक दुखण्यावर केमिस्टचं पांघरूण घालायचं हे बरोबर नाही.

तुमच्या कारखान्यात बी-हेवी मोलॅसिस (ज्यातली साखर पूर्ण काढून घेतलेली नाही असं) किंवा उसाचा रस इथेनॉलकडे वळवत असतील तर मात्र तो प्रश्न थेट तुमचाच आहे आणि तो कुणी विचारण्याआधी सांगायला हवा. तिकडे वळलेली साखर पोत्यात दिसत नाही, म्हणून फळ्यावरचा उतारा पडलेला दिसतो. एफआरपी काढताना ती परत मिळवावी लागते. टनाला किती किलो परत मिळवली, हे लिहून दाखवा. हे लपलं की बाकीचं सगळं खरं बोलणं वाया जातं.

पुढच्या गटसभेला पडदा आणि तक्ते नेऊ नका, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. दहा किलोची उसाची मोळी न्या, सभेसमोरच काट्यावर ठेवा. शेजारी १ किलो १४० ग्रॅम साखरेची पिशवी. मग चार पुड्या: मोलॅसिसमध्ये गेलेली १२० ग्रॅम, चिपाडात गेलेली ५५, गाळातली सात-आठ ग्रॅम आणि हिशेब न लागलेली दहा. चौथ्या पुडीवर मोठ्या अक्षरात लिहा, 'हिचा हिशेब आम्हाला लागत नाही'. पुड्या पुढच्या रांगेतून मागच्या रांगेपर्यंत फिरू द्या. तुम्ही कमी बोला. आणि हे वर्षातून एकदा करायचं काम नाही. हंगाम चालू असताना दर आठवड्याला गट ऑफिसच्या फळ्यावर तीन आकडे लावायची परवानगी मागा: गाळप, टनाला किलो, हिशेब न लागलेली घट. सुरुवातीच्या कोवळ्या उसाला उतारा कमी असतो, जानेवारी-फेब्रुवारीत चढतो, उन्हं वाढली की उतरतो. हे डोळ्यांसमोर घडताना पाहिलेला माणूस शेवटच्या आकड्याने दचकत नाही. सरासरीची तक्रारही तिथेच मिटते. ५० हजार टनांना १० टक्के आणि पुढच्या एक लाख टनांना साडेअकरा, तर सरासरी पावणेअकरा येत नाही, अकरा येते. मोठ्या ढिगाचं वजन जास्त पडतं. धान्य मिसळून विकणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही, फक्त दाखवावं लागतं.

हे वाचणाऱ्यांत रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेतले, वीज बिलांच्या विभागातले, विमा कंपनीतले लोकही असतील. तुमच्याकडेही 'लोकांना कळत नाही' हे वाक्य रोज ऐकू येत असेल. समोरच्याने विचारलेल्या आकड्याला टक्के कशाचे, ते आधी सांगितलं होतं का, आणि त्या आकड्याने त्याच्या घरात किती रुपयांचा किंवा किती काळजीचा फरक पडतो, एवढं दोनदा तपासून बघा.

गप्प राहायचं का, असं तुम्ही विचारलंत. राहू नका. पण सभेच्या आधी घरचं काम आहे. येत्या रविवारी सकाळी वडिलांना घेऊन फडात जा. ब्रिक्स मीटर त्यांच्याच हातात राहू द्या. ऊसही त्यांनीच निवडायचा. एकाच उसाच्या बुडख्याचा, मधल्या कांडीचा आणि शेंड्याकडचा रस त्यांना मोजायला सांगा. बुडखा गोड आणि शेंडा पाणचट हे ते लहानपणापासून जाणतात, आता त्याला आकडा मिळेल. वरचा आणि खालचा आकडा जवळ आले की ऊस पिकला, हेही त्यांना तिथेच सांगा, तोडणीचा कार्यक्रम लागायच्या वेळी त्यांना ते उपयोगी पडेल. मग बांधावर बसून साडेआठशे किलो रसापासून पुढचा हिशेब त्यांच्या वहीत, त्यांच्या हातानेच लिहू द्या. त्या एक किलोपाशी ते थांबतील आणि तुमच्याकडे बघतील. तेव्हा घाई करू नका.